तुटलेले दुवे व त्यांची दुरुस्ती : फाट्याच्या नावापासून वेबवरील पत्त्यापर्यंत

ग्रंथातील एका स्थळाकडून दुसऱ्या स्थळाकडे वाचकाला नेणारी खूण, म्हणजे अलीकडे मराठीत जिला ‘दुवा’ किंवा ‘लिंक’ म्हणतात ती, ही संगणकाच्या युगात प्रथम निर्माण झालेली वस्तू नव्हे. कोशातील ‘पहा’, तळटिपेतील ‘तत्रैव’, भाष्यकाराने दिलेला अध्याय-श्लोकांचा अंक हे सर्व दुवेच होत. वेबने त्यांत फरक केला तो एवढाच की, पूर्वी जे स्थळ वाचकाला स्वतः शोधून काढावे लागे ते खुणेला स्पर्श करताच समोर येऊ लागले. आणि स्थळ जागचे हलले असता काहीच समोर येईनासे झाले. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लेखन करून त्यापासून वेबपृष्ठे प्रसिद्ध करण्याची पद्धत आता अभ्यासकांमध्ये रूढ होत आहे. त्या पद्धतीत दुवे का तुटतात, ते दुरुस्त करण्याच्या रीती कोणत्या परंपरेतून आल्या, आणि मराठी लेखनाला त्यांपैकी कोणती रीत मानवते, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. दुवा आणि फाटा

‘दुवा’ म्हणजे साखळीची कडी. आशीर्वाद ह्या अर्थाचा अरबी ‘दुवा’ निराळा; दोन्ही शब्द मराठीत एकाच रूपात येऊन राहिले आहेत. कडी निखळली की साखळी तुटते, म्हणून ‘दुवा तुटला’ हा प्रयोग मराठी कानाला मुळीच परका वाटत नाही. तथापि वेबवरील दुव्याचे स्वरूप समजून घेण्यास कडीपेक्षा ‘फाटा’ हा शब्द अधिक उपयोगी आहे.

फाटा म्हणजे मूळ रस्त्यातून फुटणारी शाखा, आणि लक्षणेने ती शाखा जेथे फुटते ती जागा. महाराष्ट्रातील फाट्यांच्या नावांचा एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. फाट्याला सामान्यतः स्वतःचे नाव नसते. तेथून निघणारा रस्ता ज्या गावाकडे जातो त्या गावाचे नाव त्याला मिळते. खोपोलीजवळचा पाली फाटा हा पाली गावात नाही. तो पालीकडे बोट दाखवितो एवढेच. म्हणजे फाट्याचे नाव आपण कोठे उभे आहोत हे न सांगता कोठे जाता येईल हे सांगते. अशा नावाला भाषेतील दुवा म्हणावयास हरकत नाही.

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील शीळफाटा हे याच जातीचे नाव. शीळ गावावरून पडलेले हे नाव आज एका मोठ्या चौफुलीचे आहे. एक रस्ता मुंब्र्यावरून ठाण्याकडे, दुसरा पनवेलकडे, तिसरा कल्याण-डोंबिवलीकडे आणि चौथा महापेवरून नवी मुंबईकडे जातो. शीळ गावाशी काहीही काम नसलेले हजारो प्रवासी रोज ‘शीळफाटा’ हे नाव उच्चारतात. येथून जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याचा इतिहासही ह्या दृष्टीने बोधक आहे. ठाण्याहून चेन्नईकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग अनेक दशके चार क्रमांकाने ओळखला जाई. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरविण्यात आले आणि ह्या मार्गाचा बहुतांश भाग अठ्ठेचाळीस क्रमांकात गेला. रस्ता होता तेथेच राहिला, पत्ता मात्र बदलला. जुन्या कागदपत्रांतील ‘राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार’ हा उल्लेख ज्याला नव्या गणनेची माहिती नाही त्याला भलतीकडेच नेऊ शकतो.

ह्या उदाहरणावरून दुव्याची तीन अंगे स्पष्ट होतात : वाचकाला दिसणारी खूण, खुणेत दडलेला पत्ता, आणि पत्त्याने निर्दिष्ट झालेले स्थळ. दुवा तुटला असे आपण म्हणतो तेव्हा खूण बहुधा शाबूत असते, आणि अनेकदा स्थळही कोठे ना कोठे शाबूत असते. तुटलेला असतो तो पत्ता आणि स्थळ यांमधील संबंध. म्हणून दुव्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न हा प्रथमतः नामकरणाचा प्रश्न आहे. यंत्राचा प्रश्न तो नंतर होतो.

२. मुद्रित ग्रंथांतील पूर्वपीठिका

ह्या प्रश्नाशी महाराष्ट्रातील पंडितांची गाठ संगणकाच्या बरीच आधी पडली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे तिचे प्रधान संपादक होते. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि मूळ संहितेचे काम १९६६ साली संपले. हस्तलिखितांच्या आधारे प्रक्षिप्त भाग वगळल्यामुळे श्लोकांचे व अध्यायांचे अंक बदलणे अपरिहार्य होते. परंतु त्यापूर्वीच्या संशोधनातील सर्व उल्लेख कलकत्ता, मुंबई किंवा कुंभकोणम् येथील मुद्रित प्रतींच्या अंकांनी केलेले होते. नव्या आवृत्तीने नुसते नवे अंक घातले असते तर जुन्या सर्व प्रबंधांतील दुवे एका दिवसात तुटले असते. संपादकांनी त्यावर योजलेला उपाय साधा होता. नव्या संहितेच्या समासात त्यांनी ठिकठिकाणी ह्या तिन्ही प्रतींचे अंक छापले. जुना पत्ता घेऊन येणाऱ्याला नवे स्थळ सापडावे ही सोय मूळ ग्रंथातच झाली.

त्याच आवृत्तीतील आणखी एक संकेत येथे महत्त्वाचा आहे. जेथे पाठ निश्चित नाही तेथे संपादकांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. शंका लपविली नाही, आणि शंकेपायी ग्रंथ अडवूनही धरला नाही. ह्या संकेताचे प्रतिरूप पुढे एका संगणकीय साधनात कसे दिसते ते यथाक्रम येईल.

वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने दुव्यांसाठी बाणाचे चिन्ह व ‘पहा’ हा शब्द वापरला. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि अखेरचे खंड एकविसाव्या शतकात प्रसिद्ध झाले. अकारविल्हे रचलेल्या कोशात ‘अ’च्या खंडातील बाण ‘स’ किंवा ‘ह’ने सुरू होणाऱ्या नोंदीकडे रोखलेला असेल, तर ती नोंद त्या दिवशी लिहिलीही गेलेली नसे. असा दुवा खरा ठरणे हे पुढील संपादकांनी नोंदीचे शीर्षक तेच ठेवण्यावर अवलंबून असे. दुवा हा लेखकाने भविष्याशी केलेला करार असतो, आणि तो पाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी पडते, हे ह्यावरून दिसून येते.

३. वेबची एकमार्गी रचना

‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ साली रूढ केली. त्यांच्या कल्पनेतील दुवे दुहेरी होते. ज्याच्याकडे दुवा जातो त्या लेखालाही आपल्याकडे कोण येतो हे कळावे अशी त्यांची योजना होती. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हर्मन माउरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘हायपर-जी’ ह्या व्यवस्थेत दुवे लेखाबाहेर वेगळ्या कोठारात ठेवलेले असत. त्यामुळे लेख हलविला किंवा काढून टाकला असता त्याकडे जाणारे दुवे व्यवस्थेलाच कळत. ह्या दोन्ही कल्पना दुवे तुटू न देण्याच्या दृष्टीने निर्दोष होत्या. पण सर्वांची नोंद ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्था असल्यावाचून त्या चालण्यासारख्या नव्हत्या.

जिनीव्हाजवळील सर्न ह्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेल्या प्रस्तावातून वेब जन्मास आले. त्यात दुवा एकमार्गी होता व त्यासाठी कोणाचीही संमती लागत नव्हती. शीळफाट्यावर पाटी लावणाऱ्याने पनवेलकरांना विचारावे लागत नाही, तसेच हे झाले. ह्या स्वातंत्र्यामुळेच वेब जगभर पसरले, आणि ह्याच स्वातंत्र्याची किंमत म्हणून ‘चारशे चार’ हा न सापडलेल्या पृष्ठाचा क्रमांक सर्वपरिचित झाला. १९९८ साली बर्नर्स-ली यांनीच एक छोटा निबंध लिहून चांगले पत्ते बदलत नसतात असे बजावले. पत्ता आपोआप बदलत नाही, तो माणसे बदलतात, हे त्या निबंधाचे सार होय.

ह्या उपदेशाचा परिणाम मर्यादितच झाला. हार्वर्ड विद्यापीठातील झिट्रेन, अल्बर्ट व लेसिग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील वेबपत्त्यांपैकी निम्मे पत्ते मूळ आधारापर्यंत पोचवीत नाहीत असे आढळले. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ सालच्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. जेथे निकालपत्रांची ही स्थिती, तेथे विद्यापीठीय प्रबंधांच्या तळटिपा अधिक सुरक्षित असतील असे मानण्यास आधार नाही.

४. टेक्स्ट एडिटरमधून प्रकाशन

बर्नर्स-ली यांच्या पहिल्या साधनात वाचन व लेखन एकाच खिडकीत होत असे. पुढे ही दोन कामे वेगळी झाली. आज अनेक अभ्यासक साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितात व एका आज्ञेने त्यांपासून वेबपृष्ठे तयार करून घेतात. मार्कडाऊन ही २००४ साली पुढे आलेली लेखनपद्धती आणि ईमॅक्स ह्या एडिटरमधील ‘ऑर्ग’ ही कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेली पद्धती ही ह्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. मूळ मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातील प्रत्येक बदल नोंदून ठेवता येतो, हे ह्या रीतीचे गुण.

दोष उद्भवतो तो मूळ फाइल आणि प्रसिद्ध पृष्ठ ही दोन वेगळी स्थळे असल्यामुळे. लेखकाच्या यंत्रावर दुवा एका फाइलीकडून दुसऱ्या फाइलीकडे जातो. प्रसिद्धीच्या वेळी दोन्ही फाइलींचे नाव व स्थान बदलते. साधनाने दुव्यातील नावही त्याबरोबर बदलले तर सर्व ठीक होते. न बदलले तर लेखकाच्या घरी चालणारा दुवा बाहेर तुटतो. ऑर्गमध्ये मूळ फाइलीकडे जाणारा दुवा प्रसिद्धीच्या वेळी एचटीएमएल पृष्ठाकडे वळविला जातो. परंतु फाइल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलविली की ज्या इतर फाइलींत तिचा निर्देश आहे त्यांना ते आपोआप कळत नाही.

पृष्ठातील विभागांकडे जाणाऱ्या दुव्यांची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ऑर्गमध्ये लेखकाने विभागाला स्वतः खूणनाव दिले नाही, तर साधन स्वतःच एक यादृच्छिक खूणनाव घडविते, आणि ते पुढील प्रसिद्धीच्या वेळी तेच राहील याची हमी नसते. बाहेरून कोणी त्या विभागाचा पत्ता उद्धृत केला असेल तर मजकुरात एका अक्षराचाही बदल न होता तो दुवा तुटू शकतो. दुसऱ्या काही साधनांत खूणनाव शीर्षकावरून घडते. क्रामडाऊन ह्या साधनाची मूळ रीत अशी की, शीर्षकातील रोमन अक्षरे व अंक ठेवून बाकीची चिन्हे गाळावयाची आणि काहीच उरले नाही तर ‘सेक्शन’ हे नाव द्यावयाचे. शुद्ध मराठी शीर्षकांचे काय होणार हे उघड आहे. सर्व विभाग ‘सेक्शन’, ‘सेक्शन एक’, ‘सेक्शन दोन’ असे होतात; आणि मध्ये एक नवा विभाग घातला की पुढील सर्व दुवे तुटत नाहीत, पण एकेक घर मागे सरकून चुकीच्या विभागाकडे जाऊ लागतात. तुटलेला दुवा आपला दोष निदान बोलून दाखवितो. चुकीचा दुवा वाचकाला फसवितो. फाट्यावर पाटी नसल्यास प्रवासी विचारपूस करतो, उलटी पाटी असल्यास तो निर्धास्तपणे भलत्या गावी जातो.

न सापडणाऱ्या दुव्याविषयी ऑर्गने स्वीकारलेले धोरण येथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. अंतर्गत दुव्याचे स्थळ सापडले नाही तर प्रसिद्धीची क्रिया मुळातच थांबते, हा तेथील सामान्य नियम. २०१६ सालच्या नवव्या आवृत्तीपासून लेखकाला दोन पर्याय मिळाले : असा दुवा दुर्लक्षून पुढे जाणे, किंवा त्या जागी ‘तुटलेला दुवा’ अशी स्पष्ट खूण छापणे. ह्या तिसऱ्या पर्यायाचे सुखटणकरांच्या नागमोडी रेघेशी असलेले साम्य स्पष्ट आहे. मसुद्यासाठी खूण करणे योग्य, अंतिम प्रसिद्धीसाठी थांबणे योग्य. दुर्लक्ष करणे मात्र शास्त्रीय लेखनात कधीच समर्थनीय ठरत नाही.

५. मराठी लेखनातील विशेष अडचण

रोमन लिपीत पत्ते लिहिणाऱ्याला न जाणवणारी एक अडचण देवनागरीत आहे. वेबच्या पत्त्यात परंपरेने मर्यादित रोमन चिन्हेच चालतात. २००५ साली इतर लिप्यांतील पत्त्यांसाठी मानक तयार झाले; तरी प्रत्यक्ष वहनात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-आठ ह्या संकेतानुसार तीन बाइटांत मोडले जाते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढील दोन चिन्हे मिळून तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘शीळफाटा’ ह्या शब्दात सात वर्णचिन्हे आहेत : श, दीर्घ वेलांटी, ळ, फ, काना, ट, काना. त्यांचे एकवीस बाइट व पत्त्यातील त्रेसष्ट चिन्हे होतात. असा पत्ता हाताने उतरून घेता येत नाही, आणि दोन ओळींत तुटला तर निरुपयोगी होतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. हेच नाव ‘शीळफाटा’, ‘शिळफाटा’, ‘शीळ फाटा’ व ‘शिळ फाटा’ असे चार प्रकारे लिहिलेले आढळते. वाचकाला चारही एकच. यंत्राला ती चार वेगळी स्थळे आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार अकारान्तापूर्वीचा इकार दीर्घ, म्हणून ‘शीळ’. पण सामान्यरूपात तोच ऱ्हस्व होतो. भाषेच्या नियमानेच ऱ्हस्वदीर्घ बदलत असल्यामुळे लेखकाचा हात दोन्ही रूपांना सरावलेला असतो. त्याच नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. म्हणून जुन्या ग्रंथातील ‘गांव’ व ‘नांव’ ही शीर्षके तशीच ठेवून केलेले पत्ते आजच्या लेखकाने अंदाजाने लिहिलेल्या ‘गाव’ व ‘नाव’ ह्या पत्त्यांशी जुळत नाहीत.

डोळ्यांना अजिबात न दिसणारे भेदही आहेत. ‘ऱ्हस्व’ ह्या शब्दातील आद्य रकार युनिकोडमध्ये नुक्तायुक्त स्वतंत्र र घेऊन लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह घेऊनही लिहिता येतो. ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले. त्यापूर्वीचे लेखन अ, अदृश्य जोडचिन्ह व चंद्र यांचे मिळून झालेले आहे. कागदावर रूप एक, पत्ते दोन. अशा दुव्याची दुरुस्ती करताना लेखक दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहतो आणि त्याला फरकच सापडत नाही. वर्णचिन्हांचे क्रमांक दाखविणारी आज्ञा एडिटरला दिल्यावाचून हा दोष उघडा पडत नाही.

६. दुरुस्तीच्या तीन रीती

येथवरच्या विवेचनावरून दुरुस्तीच्या तीन रीती निघतात. पहिली, प्रत्येक खूण शोधून तिच्यातील पत्ता सुधारणे. एडिटरमध्ये सर्व फाइलींतून एकाच वेळी शोध व बदल करता येत असल्याने स्वतःच्या लेखनापुरती ही रीत सोपी आहे. पण दुसऱ्यांनी आपल्याकडे केलेले दुवे तिच्या कक्षेत येत नाहीत. दुसरी, जुन्या जागी पाटी ठेवणे. वेबमध्ये ‘तीनशे एक’ हा कायमच्या स्थलांतराचा क्रमांक ह्याचसाठी आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ‘पुनर्निर्देशन’ ह्या नावाने हीच रीत स्वीकारली, आणि लेखनभेदांच्या प्रश्नावर ती विशेष गुणकारी आहे : ‘शिळफाटा’ येथे येणाऱ्याला ‘शीळफाटा’ येथे नेणारी पाटी एकदा लावली की पुरे. भांडारकर आवृत्तीच्या समासातील अंक ते हेच. तिसरी, नाव व ओळख यांची फारकत करणे. ऑर्गमध्ये विभागाला न बदलणारा ओळखक्रमांक देता येतो, आणि दुवा त्या क्रमांकाकडे केला की फाइल हलली किंवा शीर्षक सुधारले तरी साधन त्याचे नवे स्थान शोधून काढते. शोधनिबंधांना दिला जाणारा डीओआय हा ह्याच तत्त्वाचा सार्वत्रिक प्रयोग होय.

ह्या तिन्हींच्या पलीकडचा एक प्रसंग उरतो, तो म्हणजे स्थळच नाहीसे होण्याचा. तेथे दुरुस्ती नसून केवळ जतन शक्य आहे. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली स्थापिलेल्या इंटरनेट अर्काइव्हने २००१ पासून जुन्या पृष्ठांच्या प्रती वाचकांना खुल्या केल्या. आधार उद्धृत करतानाच त्याची अशी प्रत करून ठेवणे आणि मूळ पत्त्याशेजारी प्रतीचा पत्ता व दिनांक देणे ही सवय संशोधकाने लावून घेणे आवश्यक आहे.

मराठीच्या संदर्भात ह्या प्रश्नाला अधिक गांभीर्य आहे. मोठ्या भाषांत एका आधाराचा दुवा तुटला तर त्याच आशयाचे दुसरे चार आधार बहुधा मिळतात. वेबवरील मराठी लेखन त्या मानाने तुटपुंजे. एखाद्या स्थानिक बोलीवरील शब्दसूचीचे किंवा ग्रामनामांच्या नोंदीचे पृष्ठ हरवले तर त्याची दुसरी प्रत कोठेच नसण्याचा संभव असतो. त्यावर आधारलेला प्रबंध चुकीचा ठरत नाही, पण तपासता येत नाही. आणि जे तपासता येत नाही त्याचे प्रामाण्य हळूहळू क्षीण होते.

म्हणून विभागांनी व नियतकालिकांनी आपली पृष्ठे प्रसिद्ध करताना पुढील संकेत पाळणे इष्ट होय. पृष्ठाचा व विभागाचा पत्ता शीर्षकावरून घडवू नये. तो लहान, स्थिर व शुद्धलेखनाच्या वादाबाहेरचा असावा. शीर्षक मराठीत, शुद्ध व वाटेल तेव्हा सुधारता येण्याजोगे असावे. नावाच्या प्रत्येक ज्ञात लेखनभेदासाठी पाटी असावी. प्रसिद्धीपूर्वी सर्व दुव्यांची तपासणी व्हावी, आणि न जुळणारा दुवा गुपचूप पुसून न टाकता तसा नोंदला जावा. जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळविल्यावर जुन्याची नोंद नष्ट करू नये, कारण तो पत्ता कोणत्या ग्रंथात छापला गेला असेल हे प्रकाशकाला कधीच पूर्णपणे कळत नाही. महामार्गाचा क्रमांक बदलला तरी शीळफाट्याचे नाव टिकले, कारण ते नाव वापरणाऱ्यांनी ते सोडले नाही. वेबवरील पत्त्यांना असा लोकाश्रय नसतो. त्यांचे आयुष्य ते पत्ते देणाऱ्या संस्थांच्या निर्धारावरच अवलंबून राहते.